पाहुण्यांच्या यादीत नसलेली मुंबई

मुंबईकराच्या घरी बाहेरगावचे पाहुणे उतरले की त्यांना काय दाखवायचे, याची यादी गेल्या तीन पिढ्यांत फारशी बदललेली नाही. गेट वे ऑफ इंडिया, समुद्र शांत असला तर लाँचने घारापुरी, म्हातारीचा बूट, राणीचा बाग, हाजी अली, सिद्धिविनायक आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ. अलीकडे या यादीत सागरी किनारा रस्ता आणि शिवडीहून निघणारा अटल सेतू यांची भर पडली आहे. म्हणजे पाहुण्यांना मोटारीच्या काचेतून समुद्र दाखवायची सोय झाली. गंमत अशी, की यादी करणारा यजमान स्वतः गिरगावात, लालबागला, परळला किंवा दादरला राहणारा असला, तरी त्याच्या वस्तीचे नाव या यादीत क्वचितच सापडते. ‘आमच्याकडे काय आहे बघण्यासारखे?’ असे तो मनापासून म्हणतो. अपवाद गणपतीच्या दहा दिवसांचा. तेव्हा लालबागला सारा देश रांग लावतो, अकराव्या दिवशी मंडप उतरतो आणि लालबाग पुन्हा पुलावरून ओलांडून जायची जागा होते.

२०२५ हे वर्ष मात्र या पट्ट्यासाठी वेगळे ठरले. जुलैमध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सप्टेंबरमध्ये परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा, शंभराहून अधिक वर्षे उभा असलेला एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला. आणि ९ ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत सलग धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटरच्या त्या मार्गावर ‘गिरगाव’ नावाचे एक स्थानक आहे. या शहरात रेल्वे येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, पण गिरगावच्या नावाचे स्टेशन आजवर नव्हते. गिरगावकर चर्नी रोडला उतरायचा आणि पत्ता मात्र गिरगावचा सांगायचा.

या चार बातम्या वर्तमानपत्रात चार वेगवेगळ्या पानांवर आल्या. एक उत्सवाची, एक घरांची, एक वाहतुकीची, एक विकासाची. माझ्या मते ती एकच बातमी आहे. गिरगाव ते दादर या पट्ट्यात पाहण्यासारखे जे होते ते दगडी बांधकाम नव्हते, माणसांची राहण्याची तऱ्हा होती. इमारत सरकारी यादीत घालून वाचवता येते, तऱ्हा तशी वाचवता येत नाही. ती माणसे तिथे राहिली तरच राहते. आणि ती राहतील की नाही, हे कुठल्या वारसा समितीच्या बैठकीत ठरणार नसून घराघरांत दर महिन्याच्या एक तारखेला ठरणार आहे.

आधी यादीचे पाहू. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबईची तीन नावे आहेत. घारापुरी १९८७ साली आली, व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली, आणि ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली. तिन्ही मानाची स्थळे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नकाशावर बोट ठेवून पाहा. मरीन ड्राइव्हच्या गोलाईदार बाल्कन्यांपाशी ही रेषा थांबते. त्या इमारतींच्या पाठीमागे, रेल्वेचे रूळ ओलांडून दहा मिनिटे चालले की गिरगाव लागते. तिथून वर शिवडीपर्यंतच्या मुंबईने कापूस पिंजला, सूत कातले, कापड विणले, हिशोब लिहिले, नाटके केली, आणि त्या गॉथिक इमारती उभारायला लागणारा पैसाही बराचसा याच व्यापारातून आला. पण यादी करणाऱ्यांचे बोट तिथवर पोचलेले नाही.

गिरगावच्या वाड्यांची नावे नुसती मोठ्याने वाचली तरी बाजारात गेल्यासारखे वाटते. कांदेवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, मुगभाट. कधीकाळी इथे खरोखरच बागा होत्या. मग कोटातली गर्दी बाहेर सांडली, कोकणातून, देशावरून माणसे आली आणि वाड्यांत चाळी उभ्या राहिल्या. चाळीची रचना साधी: एका ओळीत खोल्या, पुढे सगळ्यांना सामायिक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. या गॅलरीतच गिरगाव घडले. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लागला आणि भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी इथल्याच मॅजेस्टिकमध्ये. म्हणजे हिंदुस्थानी सिनेमा आधी बघायला आणि मग ऐकायलाही शिकला तो याच अर्ध्या मैलात. दोन्ही चित्रपटगृहे आज नाहीत. लोकमान्यांच्या पार्थिवावर १ ऑगस्ट १९२० रोजी अग्निसंस्कार झाला तो गिरगाव चौपाटीच्या वाळूवर. तिथे त्यांचा पुतळा आहे, आणि भेळेचे कागद हातात घेऊन त्याला वळसा घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असते.

पाहुण्याला गिरगावात न्यायचेच असेल तर खोताच्या वाडीत न्यावे. लाकडी जिने, बाहेरच्या पडव्या, उतरती कौले आणि दाराशी क्रूस असलेली ईस्ट इंडियन कुटुंबांची बैठी, दुमजली घरे. एकेकाळी इथे पासष्ट घरे होती असे सांगतात. आता तिशीच्या आत उरली आहेत. वाडीतला ‘अनंताश्रम’ बंद होऊन बरीच वर्षे झाली. माशाच्या आमटीसाठी बाकावर बसून मुकाट्याने नंबराची वाट पाहणारी ती गर्दी आणि वाढप्याची ती घाई ज्यांनी अनुभवली त्यांना त्याचे वर्णन नको, इतरांना सांगून पटायचे नाही. पण वाडी अजून आहे. सकाळी नवाच्या आत जावे, मोठ्याने बोलू नये आणि लोकांच्या दारांत उभे राहून फोटो काढू नयेत. ती त्यांची घरे आहेत, चित्रीकरणाचा सेट नव्हे.

गिरगाव जीर्ण का झाले, याचे उत्तर भावनेत नाही, कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठवली गेली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती गोठलेलीच राहिली. भाडेकरूला त्याचे संरक्षण मिळाले, हे उत्तमच झाले. नाहीतर गिरगावातला मराठी मध्यमवर्ग पन्नास वर्षे आधीच हद्दपार झाला असता. पण जे भाडे गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीलाही पुरत नाही त्या भाड्यात मालक गळके छप्पर कशाला दुरुस्त करील? १९६९ साली सरकारने इमारत दुरुस्ती मंडळ काढले, भाडेकरूंवर उपकर बसवला आणि त्यातून टेकू लागू लागले. ‘उपकरप्राप्त’ हा शब्द गिरगावच्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ होतो. तेव्हा अशा इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. पगडी देऊन घेतलेली खोली विकता येत नव्हती, वाढवता येत नव्हती आणि सोडवतही नव्हती. मुलगा लग्नाचा झाला की तो डोंबिवलीला किंवा बोरिवलीला जागा बघे आणि म्हातारे आईवडील खोली सांभाळत मागे राहत. चिकित्सक समूह, राममोहन, आर्यन या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरले की जेवणाआधी लोकलची वेळ विचारणारेच अधिक असतात.

आता मेट्रो आली आहे. तिच्या बांधकामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि रहिवाशांना त्याच परिसरात परत आणण्याचे वचन देण्यात आले. स्थानक झाले आणि जमिनीचा भाव वाढला. हे दोन्ही एकाच जिन्याने वर येते. बोरिवलीला गेलेल्या मुलाला आईकडे येणे सोपे झाले, हा त्यातला निखळ आनंदाचा भाग.

ही मेट्रो गिरगावात बसणाऱ्याला भुयारातून मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, वरळी करत दादरला नेऊन सोडते. मधले भायखळा, लालबाग, परळ मात्र तिच्या वाटेवर नाहीत. तिकडे जायचे तर वरून, बसने किंवा मध्य रेल्वेने जावे लागते, आणि तसेच जावे. वाटेत भायखळ्याला राणीचा बाग आहे. २०१७ साली पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले तेव्हापासून त्याला पुन्हा बरे दिवस आले. तिकीटही तेव्हा पाचाचे पन्नास रुपये झाले, त्यावर बरीच ओरड झाली आणि मग लोक निमूटपणे रांगेत उभे राहिले. पेंग्विन पाहून झाल्यावर बहुतेक मंडळी तडक बाहेर पडतात. शेजारी १८७२ सालची भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे आणि तिच्या आवारात तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले. घारापुरीला जाऊन हत्ती कुठे म्हणून विचारणाऱ्या पाहुण्याला इथे आणावे.

भायखळ्याच्या पुढे गिरणगाव सुरू होते. हे गाव समुद्रामुळे वसले, हे आपण विसरतो. बंदर होते म्हणून कापूस इथे आला, कापूस आला म्हणून गिरण्या आल्या. पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला निघाली. मग १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी झाली, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाचे काय करावे हे न कळून लोकांनी समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली आणि फुगा फुटला. पुढे १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हा इतिहास फार बोधप्रद वाटतो. न उपसलेल्या जमिनीवर कर्ज द्यायची हौस या शहराला तेव्हापासून आहे.

मी बँकेत लागलो तेव्हा गिरणी संपाला दीड वर्ष होऊन गेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप आजवर कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. लालबागजवळच्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. तिथे बचत खात्यांची पासबुके पाहिली की संपाचा इतिहास तारीखवार वाचता येई. आधी दरमहा पगाराच्या आसपास एक जमा आणि चार दिवसांनी गावी पाठवायची रक्कम काढलेली. मग जमा बंद. मग पन्नास, तीस, वीस असे काढत शिल्लक किमान रकमेवर येऊन थांबलेली. त्यानंतर सोन्यावरचे कर्ज. व्यवहार थांबलेली खाती आम्ही वेगळ्या खातेवहीत उतरवत असू. माझ्या तिथल्या वर्षांत त्या वहीला दोनदा नवी पाने लावावी लागली. संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकाने तर १९९७ साली ते घरच रंगमंचावर आणले. पण संपाचा सर्वांत कोरडा आणि सर्वांत खरा दस्तऐवज त्या वहीत होता, असे मला अजून वाटते.

गिरणगावाला तेव्हा ज्यांनी जेवू घातले त्या खाणावळवाल्या बायकांचे नाव इथे घ्यायला हवे. गावाकडून एकटे आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या बोलीवर एखादीच्या घरी जेवत. महिनाअखेरीपर्यंत उधारी चाले आणि ही बाई मात्र सावकाराकडून व्याजाने पैसे उचलून वाण्याचे देणे भागवी. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. तारण काही नव्हते, जबाबदारी एकमेकींची. सूक्ष्म कर्ज हा शब्द पुढे परदेशातून पुरस्कार घेऊन आला. लालबाग-परळच्या पोळपाटावर तो आधीच लाटून झाला होता.

गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले हे आता सर्वांना माहीत आहे, पण नेमके कसे झाले हे फार थोड्यांना. सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने वाटणी ठरवली: एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर याहून समंजस वाटणी सापडणार नाही. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीला नव्हे, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याला लागू झाली. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच असते, मोकळी जागा ती किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरली. एका शब्दाच्या व्याख्येने शहराची बाग गेली.

जमीन बदलली, रस्ता मात्र तितकाच राहिला. पाळीच्या भोंग्यावर चालत येणाऱ्या कामगारांसाठी बांधलेल्या गल्ल्यांतून काचेच्या कचेऱ्यांतली माणसे लोकलने येऊ लागली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ गेली. नवा पादचारी पूल लष्कराने येऊन बांधून दिला आणि स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले. आता गाड्यांचा जुना पूलही जाऊन तिथे अटल सेतूला वरळीशी जोडणारा उन्नत मार्ग यायचा आहे. पुलाच्या पश्चिमेच्या माणसाला पूर्वेच्या केईएम, टाटा किंवा वाडिया रुग्णालयात रुग्ण घेऊन जायचे असेल तर किती वळसा पडतो, हे नकाशा पाहून कळत नाही. रुग्णवाहिकेत बसल्यावर कळते.

तरीही लालबागला पाहुण्याला जरूर न्यावे, आणि गणपती सोडून न्यावे. मार्च-एप्रिलमध्ये मसाल्याच्या गल्लीत शिरावे. ब्याडगी, संकेश्वरी, पांडी अशा मिरच्यांची पोती, धणे आणि दगडफूल भाजल्याचा वास, आणि डंकांचा तो ठेका. पनवेल, विरारहून बायका घरचे प्रमाण कागदावर लिहून आणतात आणि मिरच्या कुटून होईपर्यंत डोळ्यांना पदर लावून समोर उभ्या राहतात, कारण नजर हटली की आपला मसाला दुसरीच्या डब्यात जाईल अशी त्यांची खात्री असते. शेजारी चिवडा गल्ली आहे. मसाल्याचा हा बाजार गिरणगावातल्या खाणावळींनी आणि बिऱ्हाडांनी पोसला. गिऱ्हाईक उपनगरांत पांगले, पण वर्षाचा मसाला करायला ते अजून इथेच येते.

आणि परळला बारादेवीच्या देवळात जावे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना इथे एक शिल्प सापडले. एकाच शिळेत कोरलेले, माणसापेक्षा कितीतरी उंच, एका शिवातून दुसरा शिव उमलत जावा अशी रचना. काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकाचा, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांचे नाते सांगणारा. घारापुरीसाठी आपण लाँचची तिकिटे काढतो. तितक्याच तोलामोलाचे हे शिल्प परळच्या गल्लीत पूजेत आहे, आणि बारादेवीचा पत्ता विचारला तर कोपऱ्यावरचा पानवाला आधी बालवाडीचा रस्ता दाखवतो. म्युझियममध्ये त्याची प्रतिकृती आहे. ती पाहून लोक भारावतात.

परळमध्ये पाहावे असे आणखी एक ठिकाण होते, दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे, १९२२ सालचे. कामगार रंगभूमीची आणि दशावतारापासून शक्ती-तुऱ्यापर्यंतच्या कोकणी मंडळांची ही हक्काची जागा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले आणि नवे नाट्यगृह जुन्याएवढे असेल की नाही, यावरून कलावंतांना आंदोलन करावे लागले. जवळच बीआयटी चाळ आहे. त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे बावीस वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद या सगळ्या काळातला त्यांचा पत्ता हाच. १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून.

परळहून दादरचा हा प्रवास पुष्कळांनी केला. दादर हे आखलेले उपनगर. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार न्यासाने, ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीआयटी चाळी ओळखल्या जातात, दादर-माटुंग्याचे रस्ते आखले, झाडे लावली, इमारतींमध्ये हवा खेळती ठेवली. १९२५ साली खुल्या झालेल्या शिवाजी पार्कला आता शंभर वर्षे झाली. दादरबद्दल मी फार लिहीत नाही. दादरकरांना स्वतःचे कौतुक करायला बाहेरच्या माणसाची गरज कधी पडलेली नाही. पहाटेचा फुलबाजार, मामा काण्यांकडचा बटाटेवडा, शिवाजी मंदिरचे दुपारचे नाटक आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसागर, ज्यात पुस्तकांच्या दुकानांसमोरची रांग खाण्याच्या दुकानांपेक्षा मोठी असते, एवढे दाखवले तरी पाहुण्याचे दोन दिवस सत्कारणी लागतील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्या महायुद्धानंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधल्या, त्या बीडीडी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या बदल्यात आता ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे, स्वतःच्या संडास-मोरीसह. चाळीतल्या सामायिक जीवनाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा रात्री दोन वाजता पोटात कळ आलेल्या बाईला गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जाताना पाहावे. हे घर त्या माणसांचा हक्क आहे आणि ते त्यांना त्याच जागी मिळते आहे, ही या शहरातली अपूर्व गोष्ट आहे. गिरणी कामगारांच्या वारसांना विचारा. दीड लाखाहून अधिक अर्ज पडून आहेत आणि त्यांच्यासाठी घरे सुचवली गेली ती कर्जत मार्गावरच्या शेलू-वांगणीला. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर आले ते ‘आम्हाला मुंबईतच घर द्या’ म्हणायला.

पण घर मिळणे आणि घरात राहता येणे या दोन गोष्टी आहेत. जुन्या खोलीचे भाडे नाममात्र होते. उंच इमारतीत लिफ्ट असते, पाणी चढवायचे पंप असतात, आग विझवायची यंत्रणा असते, सामायिक विजेचे बिल असते, दारावर पहारेकरी असतो. पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला आहे, ती सवलत २०२२ पासून आहे आणि मोठी आहे. बाकीच्या खर्चाचा हिशोब एखाद्या रविवारी कागदावर मांडावा. समजा देखभाल चौरस फुटाला दहा रुपये पडली, हा आकडा मी गृहीत धरतो आहे, तर महिना पाच हजार, वर्षाला साठ हजार. हे पैसे व्याजातून यायचे असतील तर सात टक्क्यांनी त्या घरामागे साडेआठ लाखांची ठेव हवी. आता महागाई धरा. बँकेत आम्ही एक ठोकताळा वापरत असू: बहात्तरला वाढीच्या दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. सहा टक्क्यांनी बारा वर्षे. म्हणजे आजचे पाच हजार बारा वर्षांनी दहा हजार झालेले असतील आणि ठेव सतरा लाखांची लागेल.

बीडीडीच्या रहिवाशांना पहिली बारा वर्षे देखभाल मोफत आहे. गिरगावातल्या खासगी पुनर्विकासात बिल्डर सोसायटीला एकरकमी निधी देतो. त्या निधीचा आकडा करारात शेवटच्या पानांत असतो आणि सभेत चर्चा मात्र हॉलच्या फरशीवर होते. मी निवृत्तीनंतर अशा तीन-चार सभांना हिशोब समजावायला गेलो. लोक घराचे क्षेत्रफळ इंचात मोजतात, पार्किंगवरून भांडतात, निधी कुठल्या बँकेत, किती मुदतीने, कोणाच्या सह्यांनी राहणार हे विचारणारा एखादाच निघतो. बिल डोईजड झाले की काय होते, हेही जवळून पाहिले आहे. पहिली दोन वर्षे मुलगा भरतो. मग थकबाकीची नोटीस लागते. मग घर कचेरीतल्या कोणाला तरी भाड्याने जाते, म्हातारा-म्हातारी बदलापूरला जातात, आणि गणपतीत मात्र मंडळाच्या पावतीपुस्तकावर त्यांचे नाव जुन्या पत्त्यानेच असते.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त ते आत्ता करावे लागतात. आज जे कुटुंब दरमहा काही भरत नाही त्याने ठरावीक रक्कम सोसायटीच्या नावे साठवायला सुरुवात केली तर बारा वर्षांत निम्मी ठेव उभी राहू शकते. महिना तीन हजार टाकले तर सात टक्क्यांनी सहा लाखांच्या वर जातात. तळमजल्यावर दुकानगाळे असतील तर त्यांतल्या एक-दोहोंचे भाडे सोसायटीला मिळावे, असा आग्रह करार होण्याआधी धरता येतो, नंतर धरता येत नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसवून लिफ्ट-पंपांचे बिल कमी करता येते. आणि ज्या सरकारने उत्सवाला राज्याचा दर्जा दिला त्याला, तो उत्सव करणारी माणसे तिथे टिकावीत म्हणून जुन्या भाडेकरूंच्या देखभाल निधीत भर घालायला सांगणे गैर नाही.

नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींची कामे चालू आहेत, गिरगावात दर दोन वाड्यांआड एखादा करार सहीसाठी तयार होतो आहे. वरळीच्या त्या ५५६ कुटुंबांची मोफत देखभालीची मुदत साधारण २०३७ साली संपेल. किल्ली घेताना ज्यांचे वय पन्नास होते ते तेव्हा बासष्टचे असतील. पगार थांबलेला असेल आणि पहिले बिल आलेले असेल.